दोन वेढे ज्यास्ती

पंकजा पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा सेतुरामला ती गिऱ्हाईक वाटलीच नाही. समया, घंगाळं, तांबे यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. काखेत कागदाची गुंडाळी, हातात मिटलेली छत्री… आणि सरळ त्याच्यासमोर येऊन उभी. कुंभकोणम्‌च्या मोठ्या बाजारात पितळेच्या भांड्यांची दुकानं काय थोडी आहेत? पण मागच्या अंगणात लेथ असलेलं दुकान हे एकच, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तिनं गुंडाळी उलगडली आणि तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली. पोलादाची बारीक नळी. लाकडी ठोकळ्याभोवती तिचे दहा वेढे. ते सगळं पितळेच्या पेटीत बसवायचं, पेटीत गरम पाणी राहील, झाकण डाख लावून बंद करायचं.

"दहा म्हणजे दहा," ती म्हणाली. "साडेनऊ नको आणि सव्वादहाही नको."

सेतुराम मागे वळला. मागच्या बाकावर त्याचे वडील, त्रिविक्रमराव, नव्या तांब्याला चिंच लावून घासत बसले होते. त्यांच्याशी तो घरच्या मराठीत पुटपुटला, "अप्पा, ही पोर माप घेऊन आली आहे कीं फर्मान, कांहीं कळना."

"फर्मानच आहे," समोरून मराठीतच उत्तर आलं. "आणि पोर नव्हे मी. संशोधन करतें."

सेतुरामचे कान तापले. घरात आपली मराठी आणि उंबरठा ओलांडला की तमिळ, ही तिकडे वसलेल्या आपल्या मराठी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे समोरचं माणूस आपलं निघालं की आधी बोललेलं सगळं अंगाशी येतं. अप्पा मात्र खो खो हसले.

"कोणाची गे तूं?"

"तंजावरच्या सरोजा टीचरांची लेक. पंकजा."

"आपलीच की मग! सेतू, बघत काय बसला आहेस? बसायला घाल तिला."

बसायला घातलं. ती बसली नाही. नळी कधी मिळेल तेवढं विचारून गेली. पण जाताना पायरीवर थांबून तिनं मागे वळून पाहिलं, आणि तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. शहाण्णव सालची ही गोष्ट. सेतुराम त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता आणि त्या दिवसापर्यंत आपलं सगळं बरं चाललं आहे, अशी त्याची समजूत होती.

नळी बसवायला तो स्वतः गेला. कॉलेजाच्या मागच्या बाजूला तिची प्रयोगशाळा, एक खोली आणि एक व्हरांडा. पेटी टेबलावर ठेवून त्यानं विचारलं, "हें करायचें काय असतें?"

एवढं विचारल्यावर पंकजाचा चेहराच बदलला. पदर खोचून ती सांगायला लागली. शहरातले रेशीम रंगवणारे लोक रंगाचं उरलेलं पाणी कालव्यात सोडतात, लाल, जांभळं, हिरवं. त्या पाण्यातला रंग शोषून घेईल अशी एखादी पांढरी पूड तिला शोधायची होती. मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, चुना… कशात काय किती घातलं की ती साधेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकेक करून पात्रात शिजवत बसलं तर साठ द्रव्यांना साठ दिवस. मग तिच्या चंद्रमौली सरांनी परदेशी नियतकालिकात वाचलं की हल्ली लोक द्रव्यांचं ग्रंथालयच उभं करतात. एका फडताळात शेकडो, प्रत्येक वेगळं, आणि मग हवं ते शोधायचं.

"म्हणून नळी," ती म्हणाली. "या पिचकारींतून क्षार, त्या पिचकारींतून अल्क, म्हणजे सोड्याचें पाणी. दोघें इथें भेटतात, गरम वेढ्यांतून जातात आणि त्या टोकाला पूड होऊन बाहेर पडतात. थांबायचें नाहीं. इकडे दर चार मिनिटांनीं मिश्रण बदलायचें, तिकडे बाटली बदलायची. सकाळच्या चार तासांत साठ!"

"म्हणजे पंगतच की," सेतुराम म्हणाला. "वाढपी थांबला कीं बोंब."

"आणि वाढपी मी एकटीच."

"आतां दोघें."

तो बोलून गेला, मग त्याला कळलं आपण काय बोललो. पंकजानं ऐकलं न ऐकलंसं केलं… पण पिचकारी भरताना तिच्या हातून दोन थेंब टेबलावर सांडलेच.

त्यानंतर काही ना काही निमित्त निघत राहिलं. सांधा गळतो, पेटी वाजते, पाणी पुरेसं तापत नाही. कधी निमित्त खरं असे, कधी नुसतंच. सेतुराम येई, सांधे आवळी, आणि ती बाटल्यांवर आकडे लिहीत असताना तिच्या मानेवरच्या भुरभुरत्या केसांकडे बघत राही. ती न बघताच म्हणे, "पाना तिकडे आहे, इकडे नाहीं." तो म्हणे, "पान्याला शोधत नव्हतों मी." मग दोघंही गप्प. बोलण्यापेक्षा हे गप्प राहणंच त्यांना जास्त जवळ आणत होतं, असं आता म्हणायला हरकत नाही.

आषाढात पहिली नळी तुंबली. पांढरा गाळ आत असा धरला की तार घालूनही निघेना. दुसरी करणं भाग होतं. पंकजा त्या दिवशी दमलेली होती. तेवढंच म्हणाली, "तसलीच करून दे. माप ठाऊकच आहे तुला." तुम्हीचं तू कधी झालं होतं, ते दोघांपैकी कुणालाच आठवत नव्हतं.

आणि इथंच ती गोष्ट घडली.

त्रिविक्रमरावांच्या दुकानात कधीच नेमकं माप दिलं जात नसे. तांदूळ असो, फुलं असोत, विकणाऱ्यानं वर चिमूटभर घालायचं, त्याला तिकडे कोसुरु म्हणतात. कोसुरु घातल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. अप्पा तर भांड्यांवरही कोसुरु देत. घंगाळाबरोबर पळी, समयीबरोबर वातीची काडी. "माप पुरें दिलें तर तो वैपार," ते म्हणत, "चिमूट ज्यास्ती दिली तर तें नातें." सेतुराम हे ऐकतच मोठा झाला होता. पहिल्या वेळी त्या फर्मानाला भिऊन त्यानं दहाच वेढे दिले होते, आणि तेव्हापासून ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. या वेळी दहावा वेढा झाला आणि त्याचा हात थांबला नाही. अकरावा घातला. मग ठोकळ्याकडे पाहत जरा वेळ बसला… आणि बारावाही घातला. वर झाकण ठेवून डाख लावला. नळी लांब तर पूड आत जास्त वेळ शिजेल, चांगलंच होईल की, असं त्यानं स्वतःला समजावलं. तिला सांगितलं नाही. कोसुरु सांगून थोडाच देतात?

भाद्रपदात साठ बाटल्या झाल्या. साठही पांढऱ्या, एकीसारखी दुसरी. रंगाऱ्यांकडून आणलेलं कुंकवासारखं लाल पाणी पंकजानं एकेकीच्या पुडीवर ओतलं आणि दोघं बाकावर बसून राहिले. पाणी लालचं गुलाबी झालं, कुठं तेही झालं नाही. दुपारी पंकजा अचानक उभी राहिली. सदतिसाव्या पेल्यातलं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ झालं होतं.

तिनं सेतुरामचं मनगट धरलं, घट्ट, आणि तशीच उभी राहिली. मग भान येऊन सोडलं. त्याच्या मनगटावर पुडीची पांढरी बोटं उमटली होती. संध्याकाळपर्यंत त्यानं हात धुतला नाही, हे मी तुम्हाला सांगते आहे, त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

सदतीस नंबरची कृती चंद्रमौली सरांनी दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पडताळून पाहायला पाठवली. शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीलाही कळवलं. आणि ऐप्पशी महिन्यात, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकात, पाऊस दिवसदिवस पागोळ्या गाळत असताना, उत्तर आलं.

सेतुराम गेला तेव्हा पंकजा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. पत्र मांडीवर. डोळे कोरडे होते, पण लाल.

"त्यांनीं तीन वेळां करून पाहिलें," ती म्हणाली. "सदतीस रंगाला शिवतसुद्धां नाहीं म्हणे. आम्हींहि काल पात्रांत करून पाहिलें. नाहीं शिवत. समितीनें विचारलें आहे, नोंदी खऱ्या आहेत कीं बनवलेल्या. सोमवारपर्यंत कारण सांगायचें. नाहीं तर शिष्यवृत्ती बंद, नांव काढून टाकणार."

"पण आपण डोळ्यांनीं पाहिलें की!"

"पाहिलें. बाटली खरी आहे रे. तिच्यावरचा आकडा खोटा आहे. कसा, तें मला कळना." ती बोटानं जमिनीवर रेघ ओढायला लागली. "हें बघ. कल्लणैच्या धरणाला पाणी सोडलें तर तें इथें कावेरींत लगेच येतें का? दिवस लागतात. तसेंच नळीचें. इकडे घातलेलें तिकडे निघायला एका वेढ्याला दोन मिनिटें. दहा वेढे, वीस मिनिटें. म्हणजे पांच बाटल्या मागून. तेवढें धरूनच मी आकडे घातले. शंभर वेळां तपासलें. चुकलें नाहीं."

सेतुराम त्या रेघेकडे बघत राहिला. कालवा लांब असेल तर पाणी उशिरा येईल. बारा वेढे. चोवीस मिनिटं. पाच नव्हे, सहा बाटल्या. म्हणजे साठही बाटल्यांवर शेजारणीचं नाव, आणि ते नाव त्यानं आपल्या हातानं चुकवलं होतं.

"सेतू? काय झालें?"

"कांहीं नाहीं," तो म्हणाला, आणि उठून पावसात चालू लागला.

भित्रेपणाच तो, दुसरं काय म्हणणार? पण त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर एकदम दोषही देववत नाही. त्या मुलीनं त्याच्याकडे जन्मात एकच गोष्ट मागितली होती, नेमकेपणा. तीच त्यानं बिघडवली होती. सांगावं तर ती पुन्हा त्याचं तोंड पाहणार नाही. न सांगावं तर ती खोटारडी ठरून तंजावरला परत जाणार. दोन्हीकडून ती जाणारच होती! फरक एवढाच, की एकीकडून ताठ मानेनं जाणार होती. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी संध्याकाळी अप्पा एका म्हातारीला तांब्यावर झाकणी फुकट देत होते, ती आशीर्वाद देत होती, आणि सेतुरामला ते बघवेना.

"अप्पा, कोसुरु देऊन कोणाचें वाईट झालें आहे का कधीं?"

अप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घेणाऱ्याला ठाऊक असलें तर नाहीं."

रविवारी सकाळी तो कॉलेजात गेला. चंद्रमौली सरांच्या खोलीत पंकजाही होती, कागदांचे ढीग पुढे घेऊन. सेतुराम दारातच उभा राहिला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सर, नळी दहा वेढ्यांची नाही. बाराची आहे. मीच जास्त घातली."

पंकजाच्या हातातली पेन्सिल थांबली.

तिघंही प्रयोगशाळेत गेले. सेतुरामनं पेटीचा डाख वितळवला, झाकण उचललं. पंकजा वाकून बोट ठेवून मोजू लागली… आठ, नऊ, दहा. तिचं बोट थांबलं. अकरा. बारा.

"का घातले?" सरांनी विचारलं. ते रागावले नव्हते, पण आवाज कोरडा होता.

"दुकानाची रीत आहे सर. वर थोडं द्यायचं."

"थोडं म्हणजे एक. दुसरा कशाला?"

सेतुराम खाली बघत राहिला. सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते पंकजाकडे वळले. "आणि तुम्ही? पहिली नळी तुम्ही मोजून घेतली होती. ही का नाही घेतली?"

पंकजानं बोट पदराला पुसलं.

"सोमवार उद्या आहे," सर म्हणाले. "सदतीस म्हणजे खरी छत्तीस. करा आत्ता."

छत्तिसाव्या मिश्रणाची पूड पात्रात केली, गाळली, धुतली. लाल पाणी ओतायला दुपार झाली. मग वाट पाहणं. बाहेर पाऊस, आत घड्याळ. सेतुराम दाराशी, पंकजा टेबलाशी, मधे चार पावलांचं अंतर, आणि तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या चार पावलांत त्याला आपलं सगळं आयुष्य वाया गेल्यासारखं वाटलं. पाणी गुलाबी झालं. मग फिकं. मग सरांनी पेला उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यातून बाहेरचं कडुनिंबाचं झाड स्वच्छ दिसलं.

सरांनी दोन मिनिटं चष्मा पुसला. म्हणाले, "बनवाबनवीचा आरोप जाईल. हलगर्जीपणाचा राहील. सहा महिने शिष्यवृत्ती थांबवतील बहुतेक. पत्रात कारण स्पष्ट लिहा. दोष कुणाचा तेही." आणि ते घरी गेले.

पंकजा व्हरांड्यात कागद घेऊन बसली. सेतुराम खांबाशी उभा राहिला.

"माझें नांव लिही," तो म्हणाला. "कारागिरानें न सांगतां नळी बदलली म्हणून लिही. तुझे सहा महिने वांचतील."

"मी काय लिहायचें तें मला कळतें." तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "नव्या नळीची लांबी संशोधिकेनें पडताळली नाहीं."

"पण चूक माझी आहे!"

"कारागिरानें ज्यास्ती दिलें तर ती त्याची रीत. मी मोजलें नाहीं ती माझी चूक." तिनं पेनाला टोपण लावलं. मग पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "दुसरा वेढा कोणाचा, सेतू? सरांना नाहीं सांगितलास. मला सांग."

पागोळ्या गळत होत्या. "माझा," तो म्हणाला. "पहिला दुकानाचा. दुसरा… तूं मागितलेंस तेवढेंच देत गेलों असतों तर तूं गिऱ्हाईकच राहिली असतीस. मला तूं गिऱ्हाईक नको आहेस. मला तूं हवी आहेस, पंकजा. तोंडानें सांगायला धीर होईना, म्हणून हातानें घातलें. त्यानें तुझें एवढें नुकसान होईल, हें मला…"

ती उठली. चार पावलं चालून आली आणि समोर उभी राहिली.

"मी कां नाहीं मोजली, तें विचारलें नाहींस."

"कां?"

"पहिली मोजली होती. नळींत लाल शाई सोडून, ती बाहेर येईपर्यंत घड्याळ हातांत धरून. दुसऱ्या कोणी केली असती तर ही पण मोजली असती." ती हातातल्या पेनाचं टोपण काढू-घालू लागली. "शाई भरूनसुद्धां ठेवली होती. मग वाटलें, हें तूं केलेलें आहेस. तुझ्या हातचें मोजायचें म्हणजे… मला लाज वाटली रे. शाई ओतून टाकली. होतें नव्हतें तें असकें शास्त्र त्या दिवशीं मोरींत ओतलें मी."

सेतुरामला हसावं की रडावं कळेना. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"आतां यापुढें?" त्यानं विचारलं.

"यापुढें मोजेन. तूं जें जें देशील तें असकें मोजेन, तुझ्या समोर बसून. राग नाहीं ना येणार?"

"नाहीं."

"आणि तुला जें सांगायचें असेल तें तोंडानें सांगायचें. नळींत नाहीं घालायचें."

"सांगितलें की आतां."

"मान खालीं होती," पंकजा म्हणाली. "वर बघून पुन्हा सांग."

सेतुरामनं वर पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं.